सरफोजीराजे आणि तंजावरची संगीतविद्या

माध्यमिक स्तरावर संगीत हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला आज काही सोयी सहज मिळतात. त्याच्या हाती पाठ्यपुस्तक असते. त्या पुस्तकात स्वरलिपी असते आणि सोप्याकडून अवघडाकडे नेणारे पाठ क्रमाने मांडलेले असतात. गायन, वादन आणि संगीताचे शास्त्र यांचा तो इतर विषयांप्रमाणेच अभ्यास करतो. दोनशे वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. संगीत गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी पडे आणि शिष्याच्या स्मरणातच राही. गुरूचे निधन झाले, शिष्य विखुरले किंवा आश्रयदाते राज्य लयाला गेले, की अनेक रचना त्यांच्याबरोबर कायमच्या नाहीशा होत. अशा काळात, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या तंजावर येथे एका मराठी राजाने ग्रंथ, रचना, वाद्ये आणि कलावंत यांचा मोठा संग्रह केला व संगीताला विद्येच्या इतर शाखांच्या पंक्तीत बसविले. त्या राजाचे नाव सरफोजीराजे भोसले. तंजावरच्या राजवंशातील त्या नावाचे ते दुसरे राजे होत.

सरफोजीराजांचे कार्य समजून घेण्यासाठी प्रथम तंजावरची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. तंजावर हे तमिळनाडू राज्यातील कावेरीच्या खोऱ्यात वसलेले प्राचीन नगर आहे. चोळ सम्राट राजराज याने अकराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले बृहदीश्वराचे भव्य मंदिर हे या नगराचे भूषण होय. चोळांनंतर काही शतकांनी येथे नायक राजे आले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे भोसले घराण्याचे राज्य स्थापन केले. मराठी राजे आले, त्यांच्याबरोबर सरदार, कारकून, पंडित, कीर्तनकार आणि रामदासी मठही आले. प्रजेची भाषा तमिळ होती, दरबारातील काव्य-नाटकांत तेलुगूला मान होता, शास्त्रचर्चा संस्कृतमध्ये चाले आणि राजघराण्याची भाषा मराठी होती. या चार भाषांचा सहवास हे तंजावरचे वैशिष्ट्य ठरले.

या घराण्यात कलेची परंपरा सरफोजीराजांच्या आधीपासूनच होती. व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे यांनी मराठी आणि तेलुगू भाषांत नाटके रचली. पुढे पहिल्या तुळजाराजांनी संगीतशास्त्रावर ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सरफोजीराजांना मिळालेला वारसा असा समृद्ध होता. परंतु तो त्यांच्या हाती सुखासुखी आला नाही. त्यासाठी त्यांना बालपणीच मोठी किंमत मोजावी लागली.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे दुसरे तुळजाराजे यांची मुले त्यांच्या हयातीतच मरण पावली होती. गादीला वारस हवा म्हणून त्यांनी १७८७ मध्ये, आपल्या मृत्यूच्या थोडे आधी, सरफोजींना दत्तक घेतले. मुलाचे वय त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. त्याचे पालकत्व क्रिस्टियान फ्रिडरिश श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने स्वीकारावे, अशी तुळजाराजांची इच्छा होती. श्वार्ट्झ अनेक वर्षे तमिळ प्रदेशात राहिले होते आणि सर्व थरांतील लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. मात्र राजपुत्राचा सांभाळ घरातील वडीलधाऱ्या माणसाने करावा असे त्यांना योग्य वाटले, आणि ही जबाबदारी तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली.

तुळजाराजांच्या निधनानंतर हे दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा वाद उभा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीने तो निर्णय मान्य केला आणि अमरसिंह गादीवर बसले. दत्तक पुत्राचे अस्तित्व नव्या राजाला नकोसे होते. सरफोजींना वाड्यात जवळजवळ बंदिवासात ठेवण्यात आले. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली नाही. ज्या वयात मुले अक्षरे गिरवितात, पाढे म्हणतात, गाणी शिकतात, त्या वयात हा राजपुत्र बंद दालनात दिवस काढीत होता. शिक्षणापासून वंचित राहणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांनी असा स्वतः घेतला. पुढे राजा झाल्यावर त्यांनी शाळा आणि ग्रंथ यांवर जो खर्च केला, त्यामागे या अनुभवाचाही वाटा असावा असे मानण्यास जागा आहे.

मुलाची ही अवस्था पाहून श्वार्ट्झ अस्वस्थ झाले. त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाराजांच्या राण्यांसह मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल, निसर्गविज्ञान अशा विषयांची त्यांना गोडी लागली. श्वार्ट्झ हे जर्मनीतील हाले येथील ज्या शिक्षणपरंपरेत वाढले होते, तिच्यात वस्तू पाहून, हाताळून आणि नोंदी करून शिकण्यावर भर होता. पुस्तकांबरोबर चित्रे, नकाशे आणि उपकरणे यांनाही तेथे स्थान होते. ही दृष्टी सरफोजींनी मनापासून आत्मसात केली. तथापि त्यांनी आपला धर्म किंवा आपल्या पूर्वजांची विद्या सोडली नाही. गुरू आणि शिष्य यांच्या श्रद्धा वेगवेगळ्या होत्या आणि तशाच राहिल्या. त्यामुळे त्यांच्या स्नेहात उणेपणा आला नाही.

दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला आणि पंडितांची मते नव्याने मागविण्यात आली. या वेळी निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला. २९ जून १७९८ रोजी ते तंजावरच्या गादीवर बसले. हा दिवस पाहण्यास श्वार्ट्झ मात्र हयात नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात त्यांचे निधन झाले होते. सरफोजीराजांनी त्यांच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूला भेटण्यास आलेला तरुण शिष्य त्यात कोरलेला आहे. तंजावरच्या शिवगंगा तलावानजीकच्या चर्चमध्ये ते शिल्प आजही पाहावयास मिळते.

गादी मिळाली, पण राज्य टिकले नाही. १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीशी झालेल्या तहानुसार तंजावर प्रांताचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि त्याच्या लगतचा थोडा परिसर उरला. वर्षाला एक लाख पगोडा आणि प्रांताच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळावयाचा होता. सैन्य नाही, न्यायदान नाही, करवसुली नाही, अशा अवस्थेत बावीस वर्षांचा हा राजा उभा होता. त्या काळी अशा अनेक संस्थानिकांनी उरलेली संपत्ती शिकार, मेजवान्या आणि मानापमानाच्या वादांत घालविली. सरफोजीराजांनी निराळा मार्ग धरला. जमिनीवरील सत्ता हातची गेली होती, तेव्हा उरलेले द्रव्य आणि उरलेले आयुष्य विद्येच्या कामी लावण्याचे त्यांनी ठरविले.

तंजावरच्या राजवाड्यात नायक राजांच्या काळापासून एक ग्रंथसंग्रह होता. सरस्वती महाल या नावाने तो ओळखला जातो. सरफोजीराजांनी त्यात मोलाची भर घातली. त्यांनी पंडितांकडून पोथ्यांच्या प्रती करवून घेतल्या, दूरदूरची हस्तलिखिते मिळविली आणि युरोपातून हजारो छापील पुस्तके मागविली. वैद्यक, ज्योतिष, वनस्पतिशास्त्र, व्याकरण, स्थापत्य, नाट्य आणि संगीत अशा नाना विषयांचे ग्रंथ या संग्रहात आहेत. पुष्कळ इंग्रजी पुस्तकांवर राजांची स्वाक्षरी आढळते. ते संग्राहक होते तसे वाचकही होते. १८२० साली ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले. यात्रेत इतर लोक तीर्थाचे जल आणतात; सरफोजीराजांनी त्याबरोबर संस्कृत ग्रंथांची हस्तलिखितेही आणली.

ग्रंथांच्या जोडीला त्यांनी शाळा काढल्या. ‘नवविद्याकलानिधी शाला’ ही त्यांतील प्रमुख होय. वेद आणि शास्त्रे यांच्याबरोबरच भाषा, विज्ञान, कला आणि हस्तव्यवसाय यांचे शिक्षण तेथे दिले जाई. यात्रेकरूंच्या सोयीसाठी तंजावरच्या राजघराण्याने बांधलेल्या छत्रांमध्ये, म्हणजे धर्मशाळांमध्ये, अन्नदानाबरोबर विद्यादानही चाले. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र त्यासाठी प्रसिद्ध होते. राजांनी नागरी लिपीचे खिळे करवून छापखाना सुरू केला. इसापाच्या नीतिकथांचा ‘बाळबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद याच छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापला गेला. त्या काळी महाराष्ट्रातही मराठी पुस्तकांची छपाई रुजली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या उद्योगाचे महत्त्व कळते. धन्वंतरी महालात औषधांचे संशोधन होई आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात.

या सर्व उद्योगांत संगीताला विशेष स्थान होते. त्या काळचे तंजावर म्हणजे कर्नाटक संगीताचे माहेरघर. या संगीताचे त्रिमूर्ती म्हणून गौरविले गेलेले श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे तिघेही सरफोजीराजांचे समकालीन होते. तिघांचा जन्म तंजावर प्रांतातील तिरुवारूर येथे झाला. श्यामा शास्त्री तंजावर नगरात, तर त्यागराज जवळच्या तिरुवैयारू येथे राहत. राजांनी त्यागराजांना दरबारात येण्याचे निमंत्रण पाठविले, परंतु रामभक्तीपुढे त्यांना राजवैभव तुच्छ वाटले व त्यांनी ते नाकारले, अशी आख्यायिका दक्षिणेत सांगितली जाते. ही कथा खरी असो वा नसो, तिच्यात एक मर्म आहे. कला द्रव्याने विकत घेता येत नाही. राजा तिच्यासाठी अनुकूल वातावरण निर्माण करू शकतो; साधना मात्र कलावंतालाच करावी लागते.

असे वातावरण निर्माण करण्याचे कार्य सरफोजीराजांनी केले. त्यांच्या आणि त्यांच्या पुत्राच्या काळात दरबारात वावरलेल्या कलावंतांत चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंचे नाव प्रथम घ्यावे लागते. नृत्य आणि संगीत यांच्या शिक्षकांच्या घराण्यात ते जन्मले होते. संगीताची दीक्षा त्यांना मुत्तुस्वामी दीक्षितरांकडून मिळाली. पुढे ‘तंजावर बंधू’ म्हणून ते सर्वत्र प्रसिद्ध झाले. तंजावरच्या दरबारात आणि मंदिरांत जे नृत्य चाले, त्याला त्यांनी निश्चित क्रम दिला. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना हा आजच्या भरतनाट्यमचा परिचित क्रम त्यांच्याच परंपरेतून आला आहे. साध्या पदन्यासांपासून आरंभ करून विस्तृत अभिनयापर्यंत शिष्याला नेण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी एका कलेचा अभ्यासक्रम तयार केला. एकोणिसाव्या शतकात तंजावर सोडून दुसऱ्या दरबारांत गेलेल्या या बंधूंनी तो दक्षिण भारतात सर्वदूर पोहोचविला.

सरफोजीराजांनी स्वतःही नृत्य-संगीतासाठी मराठी रचना केल्या. त्यांच्या ‘निरूपण’ या प्रकारात एका कथासूत्रात अठरा प्रकारच्या रचना गुंफलेल्या असतात. आरंभी जयजयकार, मग वंदन, नंतर स्वर, बोल, वर्ण, पद, तिल्लाना आणि शेवटी मंगल अशा क्रमाने हा प्रयोग रंगत जातो. या रचनांचा संग्रह सरस्वती महालात जपून ठेवण्यात आला व पुढे तो प्रकाशित झाला. आज भरतनाट्यम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या इतिहासात मराठी भाषेचेही एक दालन आहे, याची अनेक मराठी माणसांना कल्पना नसते. ते दालन अशा रचनांनी समृद्ध झाले आहे.

त्यांच्या रचनांपैकी ‘देवेंद्र कुरवंजी’ ही शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय होय. कुरवंजी हा तमिळ भाषेतील लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार. डोंगरदऱ्यांतून हिंडणारी, हात पाहून भविष्य सांगणारी स्त्री हे त्यातील मुख्य पात्र असते. एकनाथांच्या भारुडातील जोशी जसा गावोगाव फिरून भविष्य सांगतो, तशीच ही कुरवंजी. नायिकेचे भविष्य सांगण्यापूर्वी आपण कोणकोणते डोंगर आणि देश पाहिले याचे वर्णन ती गाण्यांतून करते. या रूढ वर्णनाचा सरफोजीराजांनी मोठ्या कल्पकतेने उपयोग केला. त्यांच्या मराठी नाटकातील कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका या खंडांची आणि त्यांतील देशांची माहिती ती रागतालात देते. मद्रासला नकाशांवरून शिकलेली आधुनिक विद्या राजांनी लोकांना परिचित असलेल्या गाण्यातून मांडली. पाठ केलेले विसरते, पण गायलेले लक्षात राहते, हे आपल्याकडील ओवी आणि आरती म्हणणाऱ्या आयाबहिणींना ठाऊक होतेच. सरफोजीराजांनी त्याच मार्गाने भूगोल शिकविण्याचा प्रयत्न केला. संगीत हा शिकण्याचा विषय आहे, त्याचप्रमाणे ते शिकविण्याचे साधनही आहे, हे या नाटकावरून दिसून येते.

संगीताबाबत त्यांची दृष्टी आपल्या प्रांतापुरती मर्यादित नव्हती. तंजावरच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. सरफोजीराजांनी त्याची वाढ केली, त्यासाठी वाद्ये आणि पाच रेषांवर लिहिलेल्या स्वरलिपीची पुस्तके मागविली. पाश्चात्त्य संगीताची ती लिखिते सरस्वती महालात आजही आहेत. दरबारातील वरहप्पय्यर हे गृहस्थ व्हायोलिन आणि पियानो ही वाद्ये वाजवीत. याच सुमारास मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बाळुस्वामी दीक्षितर आणि तंजावर बंधूंपैकी वडिवेलू यांनी व्हायोलिन हे वाद्य कर्नाटक संगीतात आणले. परदेशातून आलेले हे वाद्य त्यांनी आपल्या बैठकीला आणि आपल्या गमकांना अनुरूप करून घेतले. क्लॅरिनेटही तंजावरकडच्या नृत्याच्या साथीत शिरले. आज कर्नाटक संगीताची मैफल व्हायोलिनशिवाय क्वचितच होते. बाहेरचे जे चांगले आहे ते घ्यावे, पण आपल्या स्वरात बसवून घ्यावे, हा धडा त्या पिढीने घालून दिला आहे.

तंजावरच्या संगीतात मराठी कीर्तनाचाही वाटा आहे. रामदासी मठांमुळे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या कीर्तनकारांमुळे अभंग, साकी, दिंडी अशी मराठी छंदवृत्ते या भागात परिचित झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची धाटणी आणि कर्नाटक संगीत यांचा मिलाफ करून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. तमिळ श्रोत्यांपुढे तमिळ कीर्तनकार मराठी चालीची साकी गातो, हे दृश्य दोन प्रदेशांच्या स्नेहाचे द्योतक होय.

सरफोजीराजांच्या विद्वत्तेची कीर्ती देशाबाहेरही गेली होती. १८२६ मध्ये बिशप हेबर हे इंग्रज धर्माधिकारी तंजावरला आले, तेव्हा राजांचे वाचन आणि विज्ञानाची जाण पाहून ते प्रभावित झाले. राजांना आपल्या घराण्याच्या इतिहासाचाही अभिमान होता. भोसले वंशाचे चरित्र त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतले. तो विस्तीर्ण शिलालेख आजही यात्रेकरूंचे लक्ष वेधून घेतो. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. १८५५ मध्ये पुत्रसंतती न ठेवता त्यांचा मृत्यू झाला आणि कंपनीने तंजावरचे उरलेसुरले राज्य खालसा केले. त्याबरोबर राजवाडा आणि राजघराण्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. दोनशे वर्षे जमविलेल्या संग्रहाचे काय होणार, असा प्रश्न उभा राहिला. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी धैर्याने न्यायालयात दाद मागितली. हा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये तेथे निकाल राणीच्या विरुद्ध लागला, परंतु पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता घराण्याला परत केली. सरस्वती महालातील संस्कृत हस्तलिखितांची सूची बर्नेल या इंग्रज विद्वानाने तयार केली. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सर्वसामान्य जनतेसाठी खुले झाले. एके काळी राजाच्या अभ्यासासाठी जमविलेले ग्रंथ कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याच्या हाती येऊ लागले.

सरफोजीराजांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्या काळाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. दरबाराचे संगीत दरबारापुरते आणि मंदिरापुरते होते. ते शिकण्याचा मार्ग मुख्यतः ठरावीक घराण्यांतील मुलांना मोकळा असे. ज्या देवदासींनी नृत्याची ही परंपरा पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांना पुढील काळात समाजाने मान दिला नाही. शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलाला वीणा शिकावीशी वाटली, तरी ती कोणाकडे शिकावी हा प्रश्नच होता. राजाश्रयात आणखी एक उणीव होती. राजाची मर्जी आणि राजाचे आयुष्य यांवर सारे अवलंबून असे. राज्य संपले की आश्रय संपे आणि कलावंतांना दुसरे दार शोधावे लागे.

ही उणीव भरून काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. महाराष्ट्रात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून रचना गोळा केल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि क्रमिक पुस्तके तयार केली. तंजावर येथेच अब्राहम पंडितर या वैद्य-संगीतज्ञाने १९१२ मध्ये संगीत विद्या महाजन संघम् ही संस्था स्थापून विद्वानांच्या परिषदा भरविल्या. यांपैकी कोणीही राजा नव्हता. ज्याला शिकण्याची इच्छा आहे त्याला संगीत शिकता आले पाहिजे, हे त्यांच्या कार्यामागील सूत्र होते. अशा प्रयत्नांमुळेच संगीत हळूहळू शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आले.

या प्रवासात सरफोजीराजांचे स्थान मधल्या दुव्यासारखे आहे. मौखिक परंपरेचे युग सरत होते आणि लिखित, क्रमबद्ध शिक्षणाचे युग अजून यावयाचे होते. त्या संधिकाळात त्यांनी जुने ग्रंथ वाचविले, नव्या वाद्यांचे स्वागत केले, शिक्षकांना आश्रय दिला आणि मातृभाषेत रचना केल्या. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपले. त्या राज्याच्या सीमा आज केवळ इतिहासाच्या नकाशात सापडतात. परंतु तंजावर बंधूंनी लावलेला क्रम आजही हजारो मुली आणि मुले शिकतात. सरस्वती महालातील पोथ्या आजही अभ्यासक उघडून पाहतात. बालपणी ज्याला शिकू दिले गेले नाही, त्या राजपुत्राने मागे ठेवलेले हे धन शिकू इच्छिणाऱ्या सर्वांचे झाले आहे.